पात राहू दे

माझं नाव प्रयागबाई. वय सत्तरीच्या आतबाहेर. जन्मतारीख मास्तरांनी शाळेत अंदाजाने लिहिली होती, त्यामुळे नक्की सांगता येत नाही. शिक्षण चौथी पास. पिंगळी स्टेशनापासून तासाभराच्या चालीवर आमचं गाव आहे.

हे लिहायला मला बुधवारच्या गटातल्या मॅडमनी सांगितलं. त्या म्हणाल्या, "नवीन बायका येतात आणि पहिल्याच दिवशी घाबरून परत जातात. तुमचं कसं झालं ते लिहा." मी म्हणाले, माझं शुद्धलेखन वाईट आहे. त्या म्हणाल्या, ते मी बघते. तेव्हा शुद्धलेखन त्यांचं आहे आणि बाकी सगळं माझं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी बरी झाले आहे. शेवटी काय होतं म्हणून जीव मुठीत धरून वाचू नका.

गोदी

तीस वर्षं मी खुरपणीच्या टोळीची पुढारीण होते. रानात गेल्यावर प्रत्येक बाई आपली पात धरते. पात म्हणजे तिच्या वाट्याला आलेला दोन-तीन ओळींचा पट्टा. सगळ्या एका रेषेत बसतात आणि गवत काढत पुढे सरकतात. पहिली पात माझी. मी सरकेन तशी टोळी सरकायची. एखादी मागे पडली की मी आधी तिच्यावर तोंड सोडायचे, मग माझी पात संपवून उलटी फिरायचे आणि तिची उरलेली पात काढून द्यायचे. बायका मला शिव्या द्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी माझ्याच टोळीत यायच्या.

माझ्या शेजारची पात गोदावरीची. गोदी. नात्याने ती माझी कोणी नव्हती. पण तीस वर्षं तिचा उजवा कोपर माझ्या डाव्या कोपराला लागत होता.

दोन वर्षांमागच्या आषाढात गोदी गेली. दुपारी माझ्याबरोबर खुरपत होती आणि दिवस मावळायच्या आत संपली. त्या दुपारी काय झालं ते पुढे सांगते. तेव्हा मी ते कोणालाच सांगितलं नव्हतं. मातीला गेले, अंघोळ केली, दुसऱ्या दिवशी कामावर गेले. घरचं माणूस गेलं तर तेरा दिवस बसायची रीत आहे, लोक भेटायला येतात. शेजारच्या पातीची बाई गेली तर तुम्हाला भेटायला कोणी येत नाही.

श्रावणात झोप गेली. पोळ्याला तोंडाची चव गेली. दसऱ्याला मी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले ते पडलेच. आठ-आठ दिवस डोक्याला तेल नाही, अंगाला पाणी नाही. दुखत काहीच नव्हतं. गावात एकीने माझ्यावरून लिंबू उतरवला. लिंबाला फरक पडला असेल, मला पडला नाही.

पोरीचं गाठोडं

माझा मुलगा बालाजी आणि सून मंदा दर वर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, ते होळीच्या पुढे येतात. त्यांची एकुलती पोरगी अंकिता माझ्याजवळ राहायची. त्यांनी ऊस तोडायचा, मी पोरगी शाळेत घालायची, असं आमचं ठरलेलं. पोरगी वर्गात पहिली यायची.

त्या वर्षी मंदाने माझ्याकडे बघितलं आणि अंकिताचे कपडे आपल्या गाठोड्यात घातले. पोरगी सहावीत होती. पाच महिने खोपीत राहिली, आईच्या मागे उसाच्या मोळ्या बांधत हिंडली. परत आली तेव्हा हातांवर पाचटाचे ओरखडे होते आणि अपूर्णांकांची बेरीज विसरली होती.

लोक म्हणाले, पोरीचं नशीब. नशीब नव्हतं. माझा आजार होता.

मशीन लावा

ती माणसं परत आल्यावर आठ दिवसांतली गोष्ट. मी चहा ठेवायला उठले. गॅस चालू केला, काडी ओढायची राहिली. वास येत होता. मला कळत होतं. मी शेजारी बसून होते आणि बंद करायला हात उचलत नव्हते. मरायचं होतं का, असं नंतर डॉक्टरांनी विचारलं. खरं सांगते, तेवढंही ठरवलं नव्हतं. जगायचंही ठरवलं नव्हतं. मंदा आत आली, बटण बंद केलं, दार-खिडकी उघडली आणि माझा हात धरून मला अंगणात ओढत नेलं.

"आत्या, हे काय करायलाव तुमी?" ती ओरडली.

दुसऱ्या दिवशी बालाजी मला परभणीच्या दवाखान्यात घेऊन गेला. रक्त काढलं, छातीला वायरी लावल्या, पोटावरून मशीन फिरवलं. सगळं चांगलं निघालं, तेव्हा आम्हाला दुसऱ्या मजल्यावर पाठवलं. तिथे एक तरुण डॉक्टर होता. त्याने अर्धा तास विचारपूस केली आणि म्हणाला, "आजी, याला नैराश्य म्हणतात. डिप्रेशन."

"मंजी मी येडी झाले का?"

"नाही."

"मग कामून आणलं मला इथं? छातीचं मशीन लावा परत."

"लावलं की. तुमचं काळीज माझ्यापेक्षा मजबूत आहे."

त्याने गोळ्या लिहिल्या आणि सांगितलं की दर बुधवारी गटात यायचं.

"गटात मी हाय आधीच," मी म्हणाले. "बचत गटात. अध्यक्ष हाय."

बालाजी खाली बघून हसला. माझ्या आजारपणात तो पहिल्यांदा हसला म्हणून हे लक्षात राहिलं.

घरी आल्यावर मंदाने अंगणातच सांगितलं, "आत्या, मी सरळ बोलते. दिवाळीपस्तोर तुमी नीट झालाव तर अंकी राहील. न्हाईतर मी तिला घेऊन जाते. शाळा मागून. मला पोरगी जित्ती पायजे."

मला तिचा इतका राग आला की सहा महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं. ती बरोबर होती, याचा जास्त राग आला.

पूर्णेची रझिया

गट म्हणजे एकच प्रकार असतो असं मला वाटलं होतं. तसं नसतं. पहिले चार बुधवार शिकवणीचा गट होता. वीस-पंचवीस माणसं, बाया आणि बाप्ये, सोबत घरचे. मॅडम फळ्यावर काढून सांगायच्या की हा आजार काय असतो, गोळी किती दिवसांनी लागू पडते, झोप कशी परत येते. शुभांगी मॅडम माझ्या सुनेच्या वयाच्या. पहिल्या बुधवारी मी खुर्चीत झोपले. त्यांनी उठवलं नाही.

दुसऱ्या बुधवारी त्यांनी विचारलं, "घरच्यांनी कोणाकोणाला आळशी म्हटलंय?" सगळ्यांनी हात वर केले. मिशावाला एक धिप्पाड बाप्या होता, त्यानेही केला. मीही केला. मग मला आठवलं की रानात मी कितीजणींना आळशी म्हटलं आहे. मोजता येणार नाही. मी हात खाली घेतला.

या गटाला जाताना मला आगगाडीत रझिया भेटली. ती पूर्णेची, ब्लाऊज शिवते. बाजारात गेली की तिची छाती धडधडायची, श्वास अडकायचा, आता मरते असं वाटायचं. वर्षभर उंबरा ओलांडला नव्हता. मी पिंगळीला चढले, तेव्हा ती खिडकीच्या दांडीला दोन्ही हातांनी धरून बसली होती. माझ्या हातात तिच्यासारखाच दवाखान्याचा कागद दिसला आणि ती म्हणाली, "अम्मा, इधर बैठो. मेरे बाजू में."

पुढच्या बुधवारी म्हणाली, "पूर्णा ते पिंगळी मी एकली काढते. पिंगळीला तुम आते. बस, उतना हौसला पुरतंय."

मला खाटेवरून उठवत नव्हतं. पण पिंगळीला मी चढले नाही तर ही बाई डब्यात एकटी मरेल, असं वाटून मी जायचे. माझ्या उठण्याचं पहिलं कारण हे होतं. उदात्त वगैरे काही नव्हतं.

तेलाची बाटली

नंतर कामाचा गट. आठ बायका. प्रत्येकीने आठवड्याचं एकच काम कागदावर लिहायचं आणि पुढच्या बुधवारी झालं की नाही ते सांगायचं. मी लिहिलं, डोक्याला तेल लावणे. पुढच्या बुधवारी सांगितलं, "न्हाई झालं." आता रागावतील म्हणून मी तयार होते. माझ्या टोळीत मी रागावले असते.

मॅडम म्हणाल्या, "काम मोठं झालं. लहान करूया. तेलाची बाटली फक्त उशाशी आणून ठेवा. लावू नका."

"लावायचं न्हाई?"

"अजिबात नाही."

बाटली आणून ठेवली. तीन दिवस ती माझ्याकडे बघत होती. चौथ्या दिवशी मी तेल लावलं. बुधवारी मॅडमना म्हणाले, "तुमचं ऐकलं न्हाई मी. लावलं." सगळ्या हसल्या.

रझियाचं काम होतं, कोपऱ्यावरच्या दुकानातून दोऱ्याचं रीळ आणायचं. तिसऱ्या आठवड्यात तिने पिशवीतून हिरवं रीळ काढून टेबलावर ठेवलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. एका रिळाला आठ बायकांच्या टाळ्या! बाहेरच्या शिपायाने डोकावून बघितलं. मी पीक बघितलं आहे, लग्नं बघितली आहेत, बारशी बघितली आहेत. त्या रिळाएवढा विजय फार वेळा बघितलेला नाही.

शेजारच्या खोलीत दारू सोडणाऱ्या बाप्यांचा गट चालायचा. ते जोरात बोलायचे, एकमेकांच्या लबाड्या पकडायचे. "खोटं बोलू नको, मी बी हेच सांगायचो बायकोला," असं ऐकू यायचं. ज्याला जो गट लागतो तो लागतो. आमचा गट त्यांना चालला नसता आणि त्यांचा आम्हाला.

माझी चूक

आषाढात त्याच आठ बायकांचा बोलण्याचा गट सुरू झाला. खुर्च्या गोल मांडायच्या. नियम तीन. इथलं इथेच ठेवायचं. कोणी मागितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. बोलायचं नसेल तर "आज नाही" म्हणायचं आणि कोणी का विचारायचं नाही.

गटात वालूरची चंद्रकला होती. हे तिचं खरं नाव नाही, आणि तिला विचारून मी हे लिहिते आहे. वय पंचविशीचं. दर वेळी "आज नाही" म्हणायची. एकदा केसपेपरच्या रांगेत ती माझ्या पुढे उभी होती. तिथे तिने मला तिची गोष्ट सांगितली. म्हणाली, "मावशी, तुमी माझ्या मायसारख्या दिसताव म्हणून सांगितलं." काय सांगितलं ते इथे लिहिणार नाही. एकदा सांगून झालं, तीच तर चूक.

पुढच्या बुधवारी तिची पाळी आली. ती "आज नाही" म्हणाली नाही. तोंड उघडलं आणि गप्प झाली. सगळ्या थांबल्या. मॅडम थांबल्या. पंखा फिरत होता. ती पदराचं टोक पिळत होती. मला ते बघवेना. एक बाई मागे पडली आहे आणि सगळी टोळी खोळंबली आहे, एवढंच मला दिसत होतं.

"अगं बोल की बाई," मी म्हणाले. "बोलल्याबगर कसं व्हईल? बरं, ऱ्हाऊ दे, मी सांगते हिचं."

आणि मी सांगितलं. मॅडम "प्रयागबाई, थांबा" म्हणेपर्यंत माझं बरंचसं सांगून झालं होतं. तीस वर्षं माझा हात असाच झरझर चालत आला आहे.

चंद्रकलाने पिशवी उचलली आणि गेली.

मॅडमनी मला विचारलं, "का बोललात?"

"ती मागं पडली होती. मी तिची पात काढून दिली." पात म्हणजे काय तेही मी समजावून सांगितलं. मला वाटलं, आता यांना कळेल.

रझिया माझी गाडीतली मैत्रीण. तीच पहिली बोलली. "घास नई निकाले अम्मा तुम. पीक उखाड डाले."

परतीच्या गाडीत ती माझ्याच शेजारी बसली, पण पिंगळीपर्यंत एक शब्द बोलली नाही.

पुढच्या बुधवारी चंद्रकला आली नाही, हे मला रझियाने फोनवर सांगितलं, कारण मीही गेले नव्हते. त्याच्या पुढच्याही बुधवारी गेले नाही. पुन्हा खाट, पुन्हा भिंत. तेलाची बाटली उशाशी तशीच. तिसऱ्या दिवशी मंदा उंबऱ्यात बसून अंकिताच्या पिशवीचा तुटलेला बंद शिवत होती. शाळेच्या दप्तराचा नव्हे. कपड्यांच्या पिशवीचा.

"दिवाळीला दोन-अडीच महिने हायत अजून," मी खाटेवरून म्हणाले.

"हायत की," ती सुई ओढत म्हणाली. "पण बंद तुटलेला ठिवून काय करू?"

वालूर

दुसऱ्या दिवशी मी उठले आणि सेलूची गाडी धरली. तिथून जीपने वालूर. विचारत विचारत चंद्रकलाच्या रानात पोचले. सोयाबीन गुडघ्याला आलं होतं. ती एकटीच खुरपत होती. मला बघून हात थांबला.

"मावशी, कामून आलाव?"

वाटेत मी बोलायचं सगळं ठरवलं होतं. एक अक्षर आठवेना. बांधावर दुसरं खुरपं पडलं होतं. ते उचललं आणि तिच्या शेजारची पात धरली. वर्षभराने हातात खुरपं आलं होतं. ती पुढे, मी मागे. मांड्या थरथरत होत्या. तिने मागे वळून बघितलं नाही आणि माझी पात काढूनही दिली नाही. मी माझी मीच बांधापर्यंत नेली. तोवर तिचं बसून पाणी पिऊन झालं होतं.

"चुकलं माझं," मी म्हणाले. हा शब्द मी नवऱ्यालाही कधी म्हटला नव्हता.

"हाव, चुकलं," ती म्हणाली. "लय चुकलं."

तिने तांब्या माझ्याकडे सरकवला. मी पाणी प्याले.

"मावशी, एक इचारू? तुमी समद्यांचं बोलताव. रझियाचं बोलताव, माझं बोलताव. तुमचं काय हाय ते कदी सांगितलंच न्हाई. तुमी कामून येताव तिथं?"

आता माझी पाळी होती आणि माझं तोंड उघडत नव्हतं. ती थांबली. मला थांबता आलं नव्हतं ते तिला येत होतं.

"बुधवारी ये," शेवटी मी म्हणाले. "तू आलीस तर सांगते."

"बघते," ती म्हणाली.

गोलात

ती आली. मी सांगितलं, ते असं.

त्या दिवशी आम्ही रान गुत्त्याने, म्हणजे ठरलेल्या रकमेत पुरं करायला, घेतलं होतं. आभाळ भरून आलं होतं आणि पावसाच्या आत उरकायचं होतं. दुपारी गोदीने खुरपं खाली ठेवलं. म्हणाली, "परयाग, छातीत कसंतरीच व्हायलंय गं." मी मान वर केली नाही. म्हणाले, "जळजळ असंल. पात पुरी कर, मग बस." तिने पात पुरी केली. मागे राहिली नाही, माझ्या बरोबरीने आणली. बांधावर गेली आणि बसली. मी उलटी फिरून दुसऱ्या एकीची पात काढून द्यायला गेले. परत आले तेव्हा गोदी आडवी झाली होती. तिला गाडीत घालून रस्त्याला लागलो आणि रस्त्यातच ती गेली.

पात पुरी कर, मग बस. हे पाच शब्द मी वर्षभर भिंतीकडे तोंड करून ऐकत होते.

मला वाटलं, आता सगळ्या म्हणतील, तुमची काय चूक, तिचं तेवढंच आयुष्य होतं. तसं कोणी म्हटलं असतं तर मी उठून निघून गेले असते. कोणी म्हटलं नाही. मग चंद्रकला आपली खुर्ची ओढत माझ्याजवळ आली.

"मावशी," ती म्हणाली, "आता तुमी बसा. पात राहू द्या."

मी रडले. किती वेळ ते मॅडमना विचारा, त्यांच्या भिंतीवर घड्याळ आहे. रझियाने तिच्या ओढणीने माझं नाक पुसलं आणि म्हणाली, "अम्मा, धो के देना. नवी ओढणी हाय."

त्या आठवड्यात मला झोप लागली. गोळीने लागली का बोलल्याने, ते मला माहीत नाही. दोन्हीने लागली असेल. गोळी बंद करून नुसतं बोलत बसू नका, आणि नुसती गोळी खाऊन गप्पही बसू नका. मला एवढंच कळतं.

चंद्रकलाने तिचं सांगितलं, पण तीन बुधवारांनंतर, तिच्या चालीने. मी तोंडावर पदर धरून बसले होते.

मंदा बोलते

आश्विनात घरच्यांचा गट झाला. प्रत्येकीने आपलं माणूस आणायचं. बालाजी पायाच्या अंगठ्याकडे बघत बसला. मंदा बोलली.

"मॅडम, मला भ्या वाटतं. मी उसात असते. फोनला रेंज नसती. तो गॅसचा वास माझ्या नाकातून जात न्हाई अजून. आत्या नीट दिसायल्यात. पण दिसायल्यात का हायत, मला कसं कळावं?"

ती इतके दिवस भीत होती. मी तिला कडक समजत होते.

पूर्वीची मी असते तर म्हणाले असते, काही होत नाही, जा तू. त्या दिवशी मी खरं सांगितलं. "सकाळी उठाय अजून जड जातंय. गोळी कदी कदी इसरते. एकलीला पुरं जमंल असं न्हाई. पण जमत न्हाई असं सांगाय जमंल."

मग आम्ही ठरवलं. मॅडमनी कागदावर लिहिलं. दोन दिवस डोक्याला तेल नाही, किंवा दिवसा भिंतीकडे तोंड, किंवा चूल थंड. यातलं एक दिसलं तरी रझियाला फोन. मॅडमनी अंकितासाठी वेगळं बजावून लिहिलं. पोरीने आजीला सांभाळायचं नाही, पोरीने शाळेत जायचं. फोन आजीने करायचा. आजीला जमलं नाही तरच पोरीने.

मंदाने कागद दोनदा वाचायला लावला आणि घडी करून पोलक्यात ठेवला. गटाबाहेर आल्यावर मला म्हणाली, "गॅस मातर अंकी लावंल."

"लाव म्हणावं," मी म्हणाले.

दिवाळी झाली. ट्रॅक्टर दारात आला. गाठोडी चढली, भांडी चढली, शेळी चढली. अंकिताची पिशवी, नवा बंद शिवलेली, खुंटीवर होती. मंदा आत आली, पिशवीला हात लावला. तिने पिशवी काढली, त्यातले कपडे फळीवर रचले आणि रिकामी पिशवी माझ्या हातात दिली.

"ज्वारी आणाय व्हईल," ती म्हणाली आणि ट्रॅक्टरवर चढली.

संक्रांत

सगळं एकदम छान झालं असं लिहिलं तर तुम्ही मला खोटी म्हणाल. संक्रांतीच्या आधी चार दिवस मला उठवेना. तीळ भाजायचे पडले होते. सकाळी अंकिता दप्तर भरत होती आणि माझं तोंड भिंतीकडे वळायला लागलं. मला ते कळलं. गॅसच्या वेळी कळत होतं तसंच कळलं. या वेळी हात उचलला.

"अंकी, फोन दे इकडं."

"आजी, मी थांबू का घरी?"

"तू शाळेत जा. कागदावर काय लिव्हलंय?"

ती गेली. मी रझियाला म्हणाले, "मला जमत न्हाई आज." एवढं म्हणायला मला सत्तर वर्षं लागली.

दुपारच्या गाडीने रझिया आली. पूर्णेहून पिंगळीपर्यंत गाडीने आणि पुढे तासभर पायी, एकटी. बाजारात जायला भिणारी बाई! दुसऱ्या दिवशी वालूरहून चंद्रकला आली. एकीने तीळ भाजले, एकीने भाकरी केल्या. दोघींनी मिळून माझ्या डोक्याला तेल लावलं आणि भांडल्या की किती लावायचं. तिसऱ्या दिवशी रझिया मला दवाखान्यात घेऊन गेली, डॉक्टरांनी गोळी बदलली. आठवड्यात मी उठले. अंकिताची शाळा एक दिवसही बुडाली नाही.

ओटा

होळीनंतर मंदा आली. आधी पोरीकडे बघितलं, मग चुलीकडे, मग माझ्या डोक्याकडे. अंकिताने तिला वही दाखवली. अपूर्णांकांची बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार. सगळीकडे लाल पेनाच्या बरोबरच्या खुणा. मंदाला लिहिता-वाचता येत नाही, पण खुणा कळतात.

"पुढल्या साली बी ठिवू का हिला, आत्या?" तिने विचारलं.

"ठिवू का मंजी? दहावीपस्तोर इथंच हाय ती. तू आपली उसाचं बघ."

आता दर गुरुवारी आमच्या गावात अंगणवाडीच्या ओट्यावर सहा बायका बसतात. इथे मॅडम नाहीत, फळा नाही. नियम तेच तीन. एकजण नियम मोडायला लागली की बाकीच्या म्हणतात, "मावशी, गप." बहुतेक वेळा ती एकजण मीच असते.

या आषाढात मी पुन्हा रानात गेले. पहिली पात आता दुसरी एक तरुण बाई धरते, मी कडेची धरते. परवा दुपारी माझ्या शेजारची बाई थांबली आणि म्हणाली, "मावशी, गरगरायलंय मला."

मी खुरपं खाली ठेवलं. "बस. पात राहू दे."

सगळी रांग थांबली. बांधावरून रानाचा मालक ओरडला, "काय झालं? कामून थांबलाव?"

"बाई बसली हाय," मी ओरडून सांगितलं.

तिला सावलीत नेलं, पाणी पाजलं, जीपने दवाखान्यात पाठवलं. तिचं रक्त कमी निघालं, बाकी ती धडधाकट आहे. तिची पात त्या दिवशी कोणीच काढली नाही.

संध्याकाळी अंकिता शाळेतून त्याच रस्त्याने आली. आता ती आठवीत आहे. सगळं रान खुरपून स्वच्छ झालं होतं आणि मधोमध गवताचा एक पट्टा तसाच उभा होता. दप्तर सावरत ती बघत राहिली.

"आजी, ती पात राहिली की."

"हाव," मी म्हणाले. "मीच ठिवली. चल, भूक लागली असंल."